रमजानसाठी कमी खर्चात घराची सजावट (भाड्याचं घर, लहान मुलं) – मदत हवी आहे

अस्सलामु अलैकुम आणि सर्वांना नमस्कार.

रमजान तोंडावर आला आहे आणि यंदा घर सजवायचंच, असं माझ्या दोन्ही मुलांनी ठरवून टाकलं आहे. मोठी नऊ वर्षांची, या वेळी काही रोजे धरणार म्हणते. धाकटा पाच वर्षांचा. चंद्र दिसल्यावर आपलं घर रोजच्यापेक्षा वेगळं दिसावं, हे मलाही मनापासून वाटतं. पण यंदा हात आखडता ठेवावा लागणार आहे. सदक्यासाठी (दानासाठी) बाजूला काढलेल्या पैशांना मी हात लावणार नाही. बाजारातले तयार संच पाहिले. सोनेरी फुगे, चमकीची अक्षरं, छापील कागदी प्लेट्स; त्यातलं बरंचसं ईदनंतर कचऱ्यातच जाणार. अशा सामानावर पैसे घालायला मन तयार होत नाही.

सासूबाईंचं म्हणणं आणखी वेगळं. हा इबादतीचा महिना आहे, रोषणाईचा नाही, असं त्या म्हणतात. त्यांचं मला पटतं. कुराण शरीफमध्येच सूरह अल-आराफच्या ३१व्या आयतीत खा, प्या, पण उधळपट्टी करू नका, असं सांगितलं आहे. तरीही मुलांना या महिन्याची ओढ लागावी, वाट पाहावीशी वाटावी, यासाठी घरात काहीतरी डोळ्यांना दिसायला हवं, असं मला वाटतं. तेव्हा उधळपट्टी न होता काय करता येईल, हा माझा खरा प्रश्न आहे.

घराच्या अडचणी अशा : खोल्या दोन, घर भाड्याचं, भिंतीला खिळा ठोकायची परवानगी नाही. डबल टेप लावली की रंगाचे पोपडे निघतात. बाहेरच्या खोलीत इफ्तारचा दस्तरखान (जेवणासाठी अंथरायची चादर) आणि तिथेच रात्री जानमाज (नमाजाची चटई) अंथरून आम्ही बायका तरावीह (रमजानमधली रात्रीची नमाज) पढतो. म्हणजे जे काही लावायचं ते पायात येता कामा नये.

डोक्यात आहे ते एवढंच : पडद्याच्या दांडीवर एक तोरण, मुलांसाठी रोज एक कप्पा उघडायचं तीस कप्प्यांचं कॅलेंडर, आणि एखादी दिव्यांची माळ. कागद, जुने खोके, काचेच्या बरण्या घरात आहेत. पैसे फक्त एकाच गोष्टीवर घालायचे झाले तर कशावर घालू? आणि मुलांच्या हाताने होईल, पण भिंतीवर गेल्यावर केविलवाणं दिसणार नाही, असं काय करता येईल?

प्रतिसाद

व अलैकुम अस्सलाम ताई. पैसे दिव्यांवर घाला. रमजानची वेळ संध्याकाळची आणि पहाटेची : मगरिब आणि इशाची नमाज, तरावीह, मग रोज्याआधीची सेहरी. दिवसा कुणी सजावट पाहत बसत नाही. पिवळसर उजेडाची एलईडी माळ घ्या, पांढऱ्या उजेडाने खोली दवाखान्यासारखी दिसते. सेलवर चालणारी घेऊ नका, महिनाभरात सेलच महाग पडतात. पाच वॅटची माळ रोज सहा तास लावली तरी तीस दिवसांत ०.९ युनिट वीज जाते, म्हणजे एक युनिटही नाही. आणि खऱ्या मेणबत्त्या टाळाच. घरात पाच वर्षांचं मूल, समोर कागदाची सजावट, आणि सेहरीला सगळे अर्धवट झोपेत.

प्रतिसाद

आपा, तुमच्या सासूबाईंच्या म्हणण्यात एक फार मोलाची गोष्ट आहे, ती सजावटीतच वापरा. किब्ल्याकडची, म्हणजे नमाज पढताना तोंड करतो त्या दिशेची, भिंत पूर्ण मोकळी ठेवा. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांनी घरात चित्रांचा पडदा लावला होता, तेव्हा नमाजमध्ये त्याकडे लक्ष जातं म्हणून तो काढायला पैगंबरांनी (सल्ल.) सांगितलं, अशी हदीस (पैगंबरांच्या वचन-कृतीची नोंद) सहीह बुखारी या संग्रहात आहे. म्हणून सगळी सजावट पाठीमागच्या भिंतीवर, खिडकीवर आणि दारावर करा. नमाजला उभं राहिलं की समोर काही नाही, इफ्तारला वळून बसलं की सगळं समोर.

खिडकीसाठी कागदाची जाळी करा, मुलांना फार आवडेल. चौरस कागद कोनातून कोनात दुमडून त्रिकोण करा, तो अर्धा, मग पुन्हा अर्धा. आता दोन्ही बंद कडांना, त्या जिथे मिळतात त्या टोकापासून सारख्याच अंतरावर, एकेक छोटा त्रिकोण कापा. कागद उलगडला की मध्यभागाभोवती आठ चौकटींचं कडं तयार झालेलं असतं. नऊ वर्षांच्या मुलीला एकदा दाखवलं की पुढचं ती स्वतः शोधून काढेल. उलगडतानाचा तिचा चेहरा जरूर बघा. कागद एकाच रंगाचा ठेवा, पांढरा किंवा गडद निळा. केविलवाणं दिसतं ते बहुतेक वेळा रंगांच्या गर्दीमुळे. मुलांचं काम वेडंवाकडं असलं तरी एका रंगात ते एकसंध दिसतं. काचेला मैद्याच्या पातळ खळीने चिकटवा, ओल्या फडक्याने सहज निघते.

दोन सारखे चौरस एकमेकांवर ४५ अंशांत फिरवून चिकटवले की आठ टोकांचा तारा होतो. अनेक मुसहफांत (कुराणाच्या प्रतींत) हिज्बचा, म्हणजे कुराणाच्या साठ भागांपैकी एकाचा, चौथा भाग दाखवायला हीच खूण असते. धाकट्याला हे काम द्या, त्याला कात्रीसुद्धा लागणार नाही.

प्रतिसाद

दोन सूचना. कागदावर अल्लाहचं नाव किंवा आयत लिहू नका. सजावट खाली पडते, फाटते, कुणाच्या तरी पायाखाली येते. ‘रमजान मुबारक’ पुरेसं आहे. दुसरी, कुठेही सन घालू नका. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, त्यामुळे रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो आणि तेच तोरण वर्षानुवर्षं चालतं.

अक्षरं सुट्या पताकांवर लिहून दोऱ्यात ओवा. ईदचा चंद्र दिसला की ‘मुबारक’ तसंच ठेवून ‘रमजान’च्या पताका उतरवायच्या आणि ‘ईद’च्या चढवायच्या. बकरी ईदलाही तेच.

कॅलेंडरमध्ये एक काळजी घ्या. महिना २९चा होऊ शकतो, तेव्हा तिसाव्या कप्प्यात महत्त्वाचं काही ठेवू नका, नाहीतर धाकट्याची ईदच्या दिवशी निराशा होईल. कप्प्यात खाऊच हवा असं नाही. चिठ्ठ्या ठेवा : आज दादीला पाणी तू दे, आज आपल्या खेळण्यातलं एक कुणाला तरी दे, आज एक छोटी सूरह पाठ कर. याला खर्च काहीच नाही, आणि सासूबाईंनाही हे आवडेल असं वाटतं.

धागाकर्ती

सर्वांना जजाकल्लाह खैर. किब्ल्याची भिंत मोकळी ठेवायची, हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मग चिठ्ठ्या मी लिहिते. दुपारपासून मुलीला शेजारी बसवून त्यांचं तेच चाललं आहे. माळ एकच घेणार आहे, बाकी सगळं घरातल्या कागदाचं. आठ टोकांचे तारे करायला धाकट्याने सुरुवातही केली, डिंक जास्त लागतो आहे, पण चालेल.

एकच अडलं आहे. पडद्याची दांडी फक्त खिडकीवर आहे. पाठीमागच्या भिंतीवर, साधारण आठ फूट रुंदीत, तोरणाचा दोरा रंग न खरवडता कसा बांधावा? कागदी मास्किंग टेप पताकांचं वजन महिनाभर पेलेल का, की दाराच्या चौकटीपासून कपाटाच्या कडीपर्यंत दोरा ताणलेला बरा? कुणी करून पाहिलं असेल तर कृपया सांगा.