मदत हवी आहे : जकातीतून मोतीबिंदूचं ऑपरेशन, बडोद्यात कुणी करवलंय का?

अस्सलामु अलैकुम, नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे रत्नागिरीचे, आता बडोद्यातल्या तांदलज्यात राहतो. यंदाची जकात, म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या पैशातला, इस्लामप्रमाणे गरजूंना द्यायचा अडीच टक्के हिस्सा, डोळ्यांच्या उपचाराला द्यायची असं घरात ठरलंय.

याकुतपुऱ्यात ओळखीच्या एक खाला (मावशी) आहेत. शिवणकामावर घर चालतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, सुईत दोरा ओवायलाही नातीला हाक मारावी लागते. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन होईल हो, पण नंतरचे थेंब, तपासणीच्या फेऱ्यांचं रिक्षाभाडं, आणि शिलाई बंद राहील तेव्हाचा किराणा? माझ्या मते खरी नड तिथे आहे, आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही.

जकात गरजूच्या मालकीची व्हावी लागते, म्हणून मशीन किंवा इमारतीला ती चालत नाही, असं बहुतेक उलेमा, म्हणजे धर्माचे जाणकार, सांगतात. मग रोख रक्कम खालांच्याच हातात द्यायची, की त्यांच्या संमतीने दवाखान्याचं बिल थेट भरलं तरी जकात अदा होते? आम्ही शाफई पंथाचे, इथले बरेच जण हनफी, दोघांच्या धर्मशास्त्राच्या परंपरा वेगळ्या. दोन्हीकडचं मत कळलं तर बरं.

जकातीचा हिशेब वेगळा ठेवणारा एखादा ट्रस्ट माहीत आहे का? फेको (छोट्या छेदातून मोतीबिंदू काढायची पद्धत) करून लेन्स बसवायला साधारण किती खर्च येतो? शेजारच्या काकूंनाही कमी दिसतं, त्यांचं आम्ही सदक्यातून, म्हणजे स्वखुशीच्या दानातून, करू. रमजान संपायच्या आत पैसे पोचवायचे आहेत, स्वतः अनुभव घेतलेल्यांनी कृपया लिहा.