एमबीबीएसवर थांबलं म्हणजे करिअर वाया गेलं का?

तालुक्याचा डॉक्टर: पोरगं एमबीबीएस झालं रे झालं की नातेवाईक विचारतात, "पुढे कशात करणार?" इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं घासली तरी त्याला पूर्ण डॉक्टर कुणी मानतच नाही. माझं स्पष्ट मत, तालुक्याला सुपरस्पेशालिस्टपेक्षा सगळं बघणारा डॉक्टर जास्त हवाय. परवा एक मावशी आल्या, पिशवीत चार डॉक्टरांच्या फायली, गुडघ्यासाठी एकाने पेनकिलर दिलेली, कंबरेसाठी दुसऱ्याने तीच वेगळ्या कंपनीची, दोन्ही चालू, वर बीपी-शुगरच्या आहेतच आणि क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीवर ताण. प्रत्येकाने आपापला अवयव बघितला, मावशींना कुणी बघितलं?

सांगलीकर: अजिबात पटलं नाही. लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं, त्याआधी सीटी स्कॅन. माझ्या सासऱ्यांचा तो वेळ गावातल्या "सगळं बघणाऱ्या" डॉक्टरने सलाईन लावण्यात घालवला. उजवा हात आजही उठत नाही त्यांचा.

तालुक्याचा डॉक्टर: वाचून फार वाईट वाटलं. पण तोंड वाकडं, हात लुळा, जीभ अडखळतेय हे ओळखून लगेच गाडीत घालणं हेच तर जनरल डॉक्टरचं काम, ते त्याला आलं नाही. विंचूदंशावर काम केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर सर बघा ना, १९७६ च्या सुमारास महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात होते, लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं, पोरं डोळ्यांदेखत जायची, पुढे बीपीवरचं प्राझोसिन देऊन त्यांनी कित्येक जीव वाचवले आणि ते लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

मेडिकोपुणे: सर, हे उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय! त्यांनी मध्ये पुण्याच्या बीजे मेडिकल कॉलेजला एमडी केलं, आणि एका विंचवाचा वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. यालाच स्पेशालिस्ट म्हणतात.

तालुक्याचा डॉक्टर: एमडी करून परत तिकडेच गेले ना पण! आणि विंचू चावलेला माणूस आधी कुणाच्या दारात आला होता?

इंटर्न_विदर्भ: फॅमिली मेडिसिनचा ३ वर्षांचा डीएनबी, एमडीच्या तोडीचा कोर्स, आहे की, म्हणजे सगळं बघायचं रीतसर शिक्षण. मला तोच करायचाय, पण घरी बोललो तर आई म्हणते, "मग स्थळं काय सांगून येणार?"

सांगलीकर: बाळा, तू जरूर कर. तसा शिकलेला डॉक्टर आमच्या गावात बसला तर पहिली आमची फाईल त्याच्याकडे. तोवर मात्र मी पेशंट घेऊन सरळ मिरज गाठणार.