शाळेतल्या नर्सताईनं वजनाची चिठ्ठी दिली, घरी कोणी मानत नाही, काय करू?

यवतमाळची_आई:
नमस्कार ताई-दादा. मागच्या आठवड्यात शाळेत तपासणीची गाडी आली होती, नर्सताईनं माझ्या मोठ्याचं वजन-उंची घेतली. वय 8, वजन 34 किलो, उंची 126 सेंमी. वजन जास्त आहे, पीएचसीत (सरकारी आरोग्य केंद्रात) घेऊन या अशी चिठ्ठी दिली. सासूबाई एकदम रागावल्या, लेकराले नजर लावून रायली म्हणे ती बाई. त्यांची एक पोरगी लहानपणी वाळून वाळून गेली, तवापासून लेकरू भरलेलं दिसलं की त्यांच्या जिवाला बरं वाटते, म्हणून मीही बोलू शकत नाही. शाळेतून आला की 5 रुपयाचं पाकीट, मग चहा-बिस्कीट, रात्री मोबाईल पाहत पाहत जेवण. त्याची मान मागून काळी झाली आहे, मी मळ समजून रोज घासून रायली. खरंच काळजीचं आहे का?

उपकेंद्र_नर्स:
ताई, आधी मान घासणं बंद करा, तो मळ नसावा. वजन वाढलेल्या लेकरांत शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही तवा मानेवर, काखेत अशी काळी जाड कातडी येते. डॉक्टरांना नक्की दाखवा.

मी 14 वर्षं एएनएम, म्हणजे गावातली सरकारी नर्स आहे. 34 किलोला 1.26 मीटरनं दोनदा भागा, 21.4 येते, हा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा. मोठ्या माणसाचा हिशोब इथं चालत नाही, 8 वर्षाच्या पोरासाठी डब्ल्यूएचओच्या तक्त्यात लठ्ठपणाची रेघ 20 च्या थोडी खालीच आहे. म्हणजे चिठ्ठी बरोबर. पण त्याला उपाशी ठेवू नका, वाढतं वय आहे, वजन आहे तिथं थांबलं आणि उंची वाढत गेली तरी पुष्कळदा काम होते. भाकर, वरण, आंबाडीची भाजी पोटभर द्या. पाकीट आणि गोड थंडं घरात आणूच नका, संत्र्याचा रस न काढता संत्रंच द्या. रोज तासभर घाम येईल असं खेळू द्या.

चूक आमचीही आहे. वजन करताना आमची नजर कार्डावरच्या खालच्या, कमी वजनाच्या रेघेवरच, वर गेलेल्या लेकराला आम्हीच गुटगुटीत म्हणून आईच्या हाती देतो. एनएफएचएस या सरकारी कुटुंब-आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात 5 वर्षाखालच्या जास्त वजनाच्या लेकरांचं प्रमाण 2015-16 ला 1.9 टक्के होतं, 2019-21 ला 4.1. कुपोषण गेलं नाही, एकाच गावात दोन्ही आहे. मी आता लसीकरणाच्या दिवशीच सांगते, 6 महिने फक्त आईचं दूध, आणि नंतर वरचं सुरू केलं की दुधात बिस्कीट कुस्करू नका.

वाशीमचा_बाप:
माझ्या पोरीचं वजन वर्गात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं होतं. पोरं चिडवायला लागली, तिनं डबा खाणंच सोडलं आणि घरी येऊन लपून फरसाण खायची. पुढच्या तपासणीला दुसऱ्या सिस्टर होत्या, त्यांनी पडद्यामागं एकटीला घेतलं, आकडा बोलल्याच नाहीत, तुला कोणता खेळ आवडतो एवढंच विचारलं. ती लंगडी म्हणाली. रोज खेळते आता. नर्सनं कसं सांगितलं यावर खूप काही असते हो.

झेडपी_मास्तर:
एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या 2020 च्या नियमात शाळेच्या आवारात आणि 50 मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकायला मनाई आहे. आमच्या फाटकासमोर मात्र पाकिटांच्या माळा लटकतात. पालक सभेत नर्स बोलली की लोक ऐकतात, मी बोललो की दुकानदाराचं पोट का मारता म्हणतात.

यवतमाळची_आई:
काल जाऊन आलो. सासूबाईंना सोबत नेलं. सिस्टरनं त्यांना खुर्ची दिली आणि लेकराचं सोडून आधी त्यांच्या त्या पोरीचंच विचारलं, काय झालं होतं, किती वर्षाची होती. सासूबाई रडल्या. मग सिस्टर म्हणाल्या, आजी, ते लेकरू न मिळाल्यानं गेलं, याचा जीव जास्तीनं दमून रायला, दोघांनाही जपायचं तुम्हीच. साखर तपासायला रक्त घेतलं, महिन्यानं परत बोलावलं आहे. आज शाळेतून आला तर सासूबाईंनी स्वतः मूठभर फुटाणे त्याच्या हातात दिले आणि आबासोबत वावरात पाठवलं. पाकिटासाठी रडला थोडा.