लोकलच्या गर्दीत राग आवरत नाही, काय करावं?

वसईहून रोज चर्चगेटला जाते. काल दारात एका बाईची पिशवी माझ्या डब्यावर आदळली, आमटी ओढणीभर सांडली. मी तिला नको नको ते बोलले. ती थरथरत "चुकलं ताई" म्हणाली आणि तिची नजर माझ्या गळ्यातल्या क्रूसावर गेली. रात्री रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला बसले, पण प्रभूच्या प्रार्थनेतल्या "आम्ही जशी क्षमा करतो" याच्यापुढे शब्दच फुटेना. त्या क्षणी तुम्ही काय करता?

उत्तर, नालासोपाऱ्याहून:
बायबलमधलं याकोब 1:19. ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला मंद. मी तोंड उघडण्याआधी मनात एक नमो मारिया, ती मारियामातेची छोटी प्रार्थना, पूर्ण म्हणते. अर्धी नाही, पूर्ण.

उत्तर, अहिल्यानगरहून:
ताई, खचू नका. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. तेही तापट होते, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात ते मोकळेपणानं लिहिलंय. स्वभाव एका दिवसात पालटत नाही. पण त्या बाईंची माफी मागाच.

वसईहून पुन्हा:
आज शोधलं, दिसल्या नाहीत. उद्या तीच गाडी, तोच डबा धरते.