मदत हवी आहे: ज्यू शेजाऱ्यांकडे जेवायला जाताना काय न्यावं?
आम्ही शिकागोत डेव्हन अव्हेन्यूजवळ राहतो. इथे एकाच रस्त्यावर गांधी मार्ग आणि गोल्डा मेयर (इस्राएलच्या माजी पंतप्रधान), दोन्ही नावांच्या पाट्या! शेजारच्या आजींनी शुक्रवारी शब्बाथच्या जेवणाला बोलावलंय (शब्बाथ म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा त्यांचा विश्रांतीचा दिवस; तेव्हा कर्मठ ज्यू विजेची बटणंही दाबत नाहीत). मी हौसेने खवा घालून नारळाच्या वड्या करायला घेतल्या, तेवढ्यात ह्यांनी आठवण करून दिली: मटण-चिकनच्या जेवणात त्यांना दूधदुभतं चालत नाही. शिवाय आमचं स्वयंपाकघर कोशर (ज्यूंच्या खाण्याच्या नियमांप्रमाणे चालणारं) नाही, म्हणजे घरचं सगळंच बाद. (वड्या आता आम्हीच खातोय.)

मग कोशर शिक्क्याचा बंद डबा न्यावा, की फुलं? आणि ती सूर्यास्ताआधीच पोचवावीत का? दारावरची बेल वाजवायची, की नुसतं ठोठावायचं? अलिबाग-ठाण्याकडचं कुणी बेने इस्राएली (आपल्याकडचे मराठी ज्यू) इथे असेल तर प्लीज सांगा. गुरुवारपर्यंत कळलं तर बरं.