मुलगी म्हणते ‘देवाने सांगितलं’. काय उत्तर द्यावं?

ऐरोलीची_आई
मुलगी आठ वर्षांची. चर्चच्या संडे स्कूलमध्ये बाईंनी शिकवलं की प्रार्थना झाल्यावर जरा गप्प बसा, देव मनात बोलतो. तेव्हापासून आमच्याकडे निरोप येतायत. आधी आला, वर्गातल्या एका मुलीला नवी कंपासपेटी दे. दिली. मला कौतुक वाटलं, नवऱ्याला पेटीची किंमत आठवली. आता निरोप आलाय, अबॅकसच्या क्लासला जाऊ नको! हसण्यावारी न्यावं तर प्रार्थनेवरून तिचं मन उडेल. मानावं तर उद्या गृहपाठही देवच रद्द करेल. सासूबाई नगरच्या. त्या म्हणतात, लेकराच्या तोंडून देव बोलतो, तू मध्ये पडू नकोस. तुम्ही घरी कसं शिकवता?

तलावपाळी
ताई, मी ठाण्यात बरीच वर्षं रविवारची शाळा घेतली. तिच्यासोबत बायबलमधलं १ शमुवेल, अध्याय ३ सावकाश वाचा. लहानग्या शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते, पण ती देवाची हे त्याला कळत नाही. तीनदा तो एलीकडे धावतो, म्हणजे ज्याच्या हाताखाली तो देवाच्या मंदिरात राहतो त्या म्हाताऱ्या याजकाकडे. एलीलाही तिसऱ्या खेपेलाच उमगतं. म्हणजे आवाज ओळखणं एकट्या पोराच्या डोक्यावर टाकलेलं नाही. झोपमोड झाली तरी न खेकसणारा एक म्हातारा लागतो. लेकीला एवढंच सांगा: “असं काही वाटलं की आधी आमच्याकडे ये, मिळून बघू.”

आणि गोष्ट शमुवेलाच्या ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ या उत्तरावर थांबवू नका. आम्ही शिक्षक हमखास तिथेच थांबतो, कारण पुढचं अवघड आहे. देवाने सांगितलं ते एलीच्याच घराविरुद्ध होतं. त्याची मुलं बिघडली होती आणि त्याने त्यांना आवरलं नव्हतं. सकाळी शमुवेल सांगायला घाबरतो, तरी एली लपवू देत नाही. सगळं ऐकून म्हणतो, तो परमेश्वर आहे, त्याला बरं दिसेल ते करो. तुम्हाला कंपासपेटी आवडली, अबॅकस आवडलं नाही. म्हणून पहिला निरोप देवाचा आणि दुसरा आळसाचा, असं लगेच ठरवू नका. अबॅकसमध्ये काय चाललंय ते विचारा की! सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. पण योहानाच्या पहिल्या पत्रात (४:१) प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारखा, असं म्हटलंय. तेही त्यांना वाचून दाखवा, प्रेमाने.

जांभळी_नाका_बाबा
आम्ही कॅथलिक. संत इग्नेशियस (१४९१–१५५६) यांनी दिवसाअखेर मन तपासायची सवय सांगितली, तिचं लहान रूप आमच्याकडे झोपताना चालतं. आज कशाने मन शांत झालं? कशाने खट्टू झालं? कुणाला दुखावलं का? बस. धाकटा रोज ‘वडापावने शांत झालं’ म्हणतो. म्हणू द्यावं. पारखायला बायबलच्या गलतीकरांस पत्रातलं ५:२२-२३ सोपं पडतं: त्या वाटण्यातून प्रीती, शांती, सौम्यता वाढली का, की नुसतं भांडण?

नेरूळ_पूर्व
एक अगदी व्यवहाराचं. मोठं माणूस, मग ते चर्चमधलं का असेना, ‘देवाने मला सांगितलंय, घरी बोलू नकोस’ असं म्हणालं, तर ते देवाकडून नाही आणि घरी येऊन लगेच सांगायचं. हे मुलीला आजच सांगा. बाकीची पारख शिकायला वर्षं आहेत.

आणि दर वेळी ‘देव बघतोय हां’ म्हणून धाक घालणंही सोडा. मग मुलांना आतून फक्त ओरडाच ऐकू येतो.

ऐरोलीची_आई
काल विचारलं. क्लासमध्ये चुकलं की उभं करतात आणि बाकीची पोरं मोठ्याने आकडे मोजतात म्हणे. शनिवारी जाऊन सरांशी बोलणार आहे. फी भरलीय म्हणून नवरा अजून गप्प आहे. नेरूळ, तुमचं मी तिला रात्रीच सांगितलं. तिने विचारलं, “पाळकसाहेब म्हणाले तरी?” म्हटलं, तरीही.

तलावपाळी, तो अध्याय सासूबाईच वाचणार आहेत. योहानाचं पत्र जरा थांबून काढते.