आवाज मागे पडणे: डिस्कचा दोष नसावा

मोबाईलवरच्या व्हिडिओची डीव्हीडी बनवली की आवाज चित्राच्या मागे पडत जातो, या प्रश्नावर डिस्क बदला, कमी स्पीडला बर्न करा (डिस्कवर हळू लिहा) असं वर दोघांनी सुचवलंय. डीव्हीडी मध्येच अडकत असेल तर ते बरोबरच आहे, पण इथे आवाज हळूहळू मागे पडतोय आणि ते बर्निंगमुळे होत नाही. मोबाईलवर शूट केलेल्या व्हिडिओचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) एकसारखा नसतो, उजेड कमी झाला की फोन तो आपोआप खाली आणतो, आणि डीव्हीडीला मात्र पाल (PAL) या टीव्ही-डीव्हीडीच्या पद्धतीत सेकंदाला बरोब्बर 25 फ्रेम लागतात. बरीच घरगुती सॉफ्टवेअर इथेच गडबडतात आणि आवाज-चित्राचा मेळ सुटतो. माझ्या मुलीच्या नाचाच्या व्हिडिओत सुरुवातीला सगळं नीट होतं, पण शेवटच्या गाण्याला पाय आधी आपटायचा आणि घुंगरू नंतर वाजायचे, फार वाईट वाटलं हो बघताना, चार डिस्क वाया गेल्या.

शेवटी मूळ क्लिप आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेमरेट, 25 निवडून काढली, ऑडिओ 48 किलोहर्ट्झ ठेवला आणि मगच एडिटिंगला घेतली, तेव्हा जमलं. आणि थेट डिस्कवर बर्न करू नका, आधी आयएसओ फाईल (डिस्कची हुबेहूब प्रत) कॉम्प्युटरवर बनवून व्हीएलसी प्लेअरमध्ये शेवटची पाच मिनिटं बघा, तिथेच आवाज मागे असेल तर डिस्कचा काही संबंध नाही.